सांभाळणं हा खरेदीखताचा मोबदला नव्हे

धाराशिव जिल्ह्यात जमिनीच्या भांडणात एक वाक्य उच्चारलं गेलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. "जो सांभाळंल, त्याची जिमीन." परंड्याला ऐका, कळंबला ऐका, उमरग्याला ऐका. बुद्धी फिरलेल्या, लेकरांची नावं विसरलेल्या बापाला एका सकाळी धुतलेलं धोतर नेसवून जीपमध्ये बसवलं जातं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कॅमेऱ्यासमोर त्याचा फोटो निघतो, यंत्रावर अंगठा टेकवला जातो आणि दुपारपर्यंत आठ एकरांचा दस्त एका पोराच्या नावावर होतो. बहिणींना कळतं ते महिन्या-दोन महिन्यांनी, कुणीतरी सातबारा काढला म्हणून. मग पारावर बैठक बसते, आवाज चढतात, आणि शेवटी कुणीतरी जाणता माणूस हे वाक्य बोलतो. माना डोलतात. बैठक संपते.

मला या वाक्याशी भांडायचं आहे. ते उघड खोटं असतं तर त्याच्यासाठी कागद खर्च करायची गरज नव्हती. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच इतकी वर्षं चाललं आहे.

खरं अर्धं आधी मान्य करतो. स्मृतिभ्रंश झालेला माणूस सांभाळणं म्हणजे काय, हे पुण्याहून दिवाळीला दोन दिवस येणाऱ्याला कळत नाही. तो माणूस रात्री दोनला कडी काढून विहिरीकडे चालू लागतो. संध्याकाळ झाली की त्याची तगमग वाढते. ज्या बैलजोडीला विकून वीस वर्षं झाली, तिला वैरण टाकली का म्हणून तो शिवीगाळ करतो. जेवून उठल्यावर "मला उपाशी ठेवलं" म्हणून शेजाऱ्यांना सांगतो. कपडे घाण होतात, पैसे चोरल्याचा आळ येतो, आणि हे एक-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षं चालतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना हा आजार आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आणि खेड्यात काय आहे? दिवसभर माणूस ठेवून घेणारं केंद्र नाही, शिकलेली परिचारिका नाही. मेंदूविकाराच्या डॉक्टरला दाखवायचं तर सोलापूर नाहीतर लातूर गाठायचं. गावात राहिलेल्या भावाच्या मनात कडवटपणा साठतो, तो खोटा नाही. "भाऊ पगार घेतो, मी गू-मूत काढतो," हे तो म्हणतो तेव्हा त्याला उत्तर द्यायला तोंड लागतं.

पण इथेच थांबून एक विचारायला हवं. गू-मूत नेमकं कोण काढतं?

सून काढते. जवळपास प्रत्येक घरात सूनच. कपडे ती धुते, घास ती भरवते, रात्री कडीच्या आवाजाला ती उठते, आणि चोरीचा आळही बहुतेक वेळा तिच्यावरच येतो. आता कागद पाहा. बक्षीसपत्र कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या. खरेदीखतात लिहून घेणार कोण? नवरा. "जो सांभाळंल त्याची जमीन" हा नियम प्रामाणिकपणे लावायचा, तर या जिल्ह्यातले हजारो एकर सुनांच्या नावावर व्हायला हवे होते. एकाही बैठकीत कुणी तशी सूचना करत नाही. म्हणजे हा नियम सेवेचा नाही. कागद ज्याच्या आवाक्यात आहे, गाडी ज्याच्या दारात आहे आणि वडील ज्याच्या ताब्यात आहेत, त्याने घेतलेल्या जमिनीला नंतर लावलेलं ते नाव आहे. सुनेच्या कष्टावर नवऱ्याचा सातबारा उभा राहतो, आणि त्यालाच न्याय म्हटलं जातं.

आजारी माणूस आई असेल तर चित्र आणखी उघडं पडतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांइतकाच हिस्सा दिला. नवरा वारला की सातबाऱ्यावर मुलांच्या बरोबरीनं तिचं नाव चढतं, आणि पहिला अंगठा तिचाच मागितला जातो. कधी हक्कसोडपत्रावर, कधी वाटणीपत्रावर. आयुष्यभर तिनं कुठल्या कागदावर काय आहे ते विचारलं नाही, त्यामुळे आता तिला समजत नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तिच्या न समजण्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या बाईमाणसाची रीत मानत आलो.

दुसरा युक्तिवाद कचेरीतून येतो: "रजिस्ट्री झालीय. अंगठा त्यांचाच आहे. आता काय करणार?" अंगठा त्यांचाच आहे, यात शंका नाही. नोंदणीने तेवढंच सिद्ध होतं. हा माणूस आला होता, हे बोट त्याचं आहे, दोन ओळखदारांनी त्याला ओळखलं. दस्तात लिहिलंय ते त्याला कळलं होतं का, याची परीक्षा तिथे झालेली नसते. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३५ नुसार लिहून देणारा वेडसर दिसला तर दुय्यम निबंधकाने दस्त नाकारायला हवा. पण दिसणार काय? स्मृतिभ्रंशात पुष्कळदा सौजन्य सर्वांत शेवटी जातं. माणूस हसून नमस्कार करतो, "बरं आहे का साहेब" म्हणतो. "दस्त लिहून दिला का?" "व्हय." "पैसे पोचले का?" "व्हय." त्याला "तुमच्या लेकीचं लग्न अजून व्हायचंय का?" असं विचारलं असतं, तरी तो "व्हय" म्हणाला असता, आणि ती लेक तेव्हा नातवंडं खेळवत असते.

करार करायला मन कसं लागतं, हे १८७२ च्या करार कायद्यानं स्वच्छ सांगितलंय. कलम १२ म्हणतं, माणसाला व्यवहार समजायला हवा, आणि त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल हे त्याला तोलता यायला हवं. यातला दुसरा भाग आपण विसरतो. नाव-गाव सांगता येणं पुरेसं नाही. "सगळी जमीन धाकट्याला दिली तर उद्या मी खाणार काय, आणि लेकींना काय राहील," हा हिशोब डोक्यात धरता यायला हवा. कलम १६ तर थेट या घरांसाठी लिहिल्यासारखं आहे. वय, आजार किंवा मानसिक-शारीरिक क्लेश यांमुळे ज्याची बुद्धी क्षीण झाली आहे, त्याच्याशी व्यवहार करणारा माणूस वर्चस्वाच्या जागी आहे असं कायदा धरून चालतो. व्यवहार सरळसरळ अन्यायाचा दिसला, तर दबाव नव्हता हे त्या वरचढ माणसानेच सिद्ध करायचं. जेवण, औषध आणि दाराची कडी ज्याच्या हातात आहे, त्याच्याइतका वरचढ दुसरा कोण?

मृत्युपत्राचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सांगितलं की सही थरथरती असेल, मन दुबळं असेल, वाटणी अस्वाभाविक असेल आणि ज्याला लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर या संशयाचं निरसन मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच करायचं. भाऊ वकिलाकडे घेऊन गेला, भावाने मसुदा सांगितला, भावाने साक्षीदार आणले आणि सगळं भावाला मिळालं: आपल्याकडची किती मृत्युपत्रं या वर्णनात बसतात, ते वाचकाने आपापल्या भावकीत पाहावं. आणि असा प्रश्न विचारणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आठवावं की बाळासाहेब ठाकरे यांच्या मृत्युपत्रावरही त्यांचे पुत्र जयदेव ठाकरे यांनी मुंबई उच्च न्यायालयात हाच आक्षेप घेतला होता. तिथे डॉक्टरांची साक्ष झाली, उलटतपासणी झाली. २०१८ मध्ये त्यांनी आक्षेप मागे घेतला. आक्षेप टिकला नाही, पण प्रश्न विचारायला न्यायालयाने हरकत घेतली नाही.

कुलमुखत्यारपत्राबद्दल तर सर्रास गैरसमज आहे. "दादांनी मला आधीच मुखत्यार केलंय" म्हणून वडिलांचं डोकं गेल्यावरही व्यवहार चालू राहतात. करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की लिहून देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारी संपते. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने अशी मुखत्यारी करता येते जी बुद्धी गेल्यावरही चालू राहते, नोंदलेली असते आणि तिच्यावर वेगळ्या न्यायालयाची नजर असते. आपल्याकडे तशी सोय नाही. त्यामुळे आजाराचा पुरावा उभा राहिला की त्यानंतरचे असे व्यवहार डळमळतात. ज्या तिऱ्हाइताने पैसे मोजून जमीन घेतली, तोही अडचणीत येऊ शकतो.

"हा घरचा मामला आहे, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये," हे तिसरं. घरचा मामला घरातलाच माणूस बाहेर नेतो तेव्हाच बहुतेकदा वाचतो. न्यूयॉर्कमध्ये ब्रुक ॲस्टर या अतिश्रीमंत वृद्धेला अल्झायमर झाला होता. २००६ मध्ये तिच्या नातवाने स्वतःच्या बापाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, आजीसाठी पालक नेमायला लावला. २००७ मध्ये ती १०५ व्या वर्षी वारली. २००९ मध्ये तिच्या मुलाला आणि त्याच्या वकिलाला तिच्या संपत्तीबाबतच्या गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. तो नातू घरचाच होता. आपल्या गावात हे काम बहुतेकदा लेक करते, आणि तिला पहिलं ऐकावं लागतं ते "माहेरच्या जमिनीवर डोळा आहे." असला तर काय बिघडलं? वडिलोपार्जित जमिनीत तिचा जन्मतः हिस्सा आहे. २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी त्यात शंका ठेवलेली नाही. आणि समजा तिचा डोळा फक्त जमिनीवरच आहे, तरी त्यामुळे बापाला समजत नव्हतं ही वस्तुस्थिती बदलत नाही.

जमिनीला हल्ली भाव आला म्हणून ही घाई वाढली आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गासाठी संपादन झालं, महामार्ग रुंद झाला, वाशी-भूमच्या माळरानावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ज्या मुरमाड तुकड्याला कुत्रं विचारत नव्हतं, त्याचा मोबदला खातेदाराच्या बँक खात्यात एकरकमी येतो. खातेदाराला आजचा वार सांगता येत नाही, आणि पैसे मात्र त्याच्या अंगठ्यावर निघतात.

हे थांबवायला जागा आहेत, आणि त्या लोकांना माहीत नसाव्यात हे मला सर्वांत जास्त खुपतं. दस्त नोंदला की लगेच सातबारा बदलत नाही. महसूल संहितेच्या कलम १५० नुसार फेरफाराची नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीसाठी असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. त्या पंधरा दिवसांत लेखी हरकत दिली तर नोंद वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. दस्त खरा की खोटा हे महसूल अधिकारी ठरवत नाही, पण पुढचं गिऱ्हाईक सावध होतं, कर्ज देणारी बँक थांबते. दस्त रद्द करायचा तर दिवाणी न्यायालय. आजारी माणसाला स्वतः वकिलाशी बोलता येत नसलं तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम १५ खाली कुणीही जवळचं माणूस त्याचा वादमित्र होऊन त्याच्या नावाने दावा लावू शकतं. आधी कुणी त्याला वेडा ठरवलेलं असण्याची गरज नाही. न्यायालय चौकशी करून तेवढ्यापुरतं ठरवतं, मनाई हुकूम देतं. वकिलाला पैसे नाहीत म्हणून बाईने गप्प बसायचं कारण नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आणि म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवलं, कोंडलं जात असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचं न्यायाधिकरण, म्हणजे आपल्याकडे उपविभागीय अधिकारी, स्वतःहून दखल घेऊ शकतं.

या सगळ्याच्या आधी मात्र डॉक्टरचा कागद हवा, आणि तो भांडण लागण्यापूर्वीचा हवा. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, ऐकू न येणं, मनाची उदासी यांनीही माणूस विसरभोळा होतो, आणि यातलं पुष्कळ बरं करता येतं. "म्हातारचळ लागलाय" म्हणून बाजेवर टाकून दिलेल्यांत असे किती असतील, या विचाराने अस्वस्थ व्हायला होतं.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. "असं केलंत तर प्रत्येक म्हाताऱ्याला वेडं ठरवून त्याचा हक्क काढून घेतील." ही भीती खरी आहे आणि महाराष्ट्राला ती फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवले गेले, पहाऱ्यात ठेवले गेले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर वारले. त्याआधी त्यांच्या छळाबद्दल लिहिलं म्हणून टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ज्या पत्रांवर त्यांनी विसंबून लिहिलं, ती बनावट निघाली. वेडेपणाचा शिक्का कुणाच्या सोयीचा असतो आणि बचावाच्या बाजूनेही पुरावा किती काटेकोर हवा, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रकरणात आहेत.

म्हणूनच मी सरसकट शिक्क्याची मागणी करत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणसाला बुद्धिहीन मानता येणार नाही. ते योग्यच आहे. सुरुवातीच्या अवस्थेतल्या माणसाला आपल्या मर्जीने मृत्युपत्र करता येतं, करायलाच हवं. सकाळच्या वेळी, डॉक्टरसमोर, लाभ होणारा खोलीबाहेर असताना. त्याला धाकट्यालाच जास्त द्यायचं असेल तर त्याने द्यावं, फक्त ती इच्छा त्याची असावी. पण याच कायद्याने १९८७ चा जुना कायदा रद्द करताना एक मोठं भगदाड ठेवलं. जुन्या कायद्यात जिल्हा न्यायालय अशा माणसाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमू शकत होतं. नव्या कायद्यात मालमत्तेबद्दल तसं प्रकरणच नाही. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता, त्यात स्मृतिभ्रंश नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातलं मर्यादित पालकत्व सहमतीने निर्णय घेण्यासाठी आहे. उरतो तो उच्च न्यायालयाचा दरवाजा. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेशुद्धावस्थेतल्या एका माणसाच्या पत्नीला त्याची पालक नेमलं आणि तिच्या कामावर राज्य विधी सेवा प्राधिकरणाने लक्ष ठेवावं असंही सांगितलं. हेच हवं आहे: पालकही हवा आणि पालकावर नजरही हवी. पण लोहाऱ्याच्या बाईने त्यासाठी अडीचशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जायचं, ही सोय आहे असं म्हणवत नाही. हा अधिकार जिल्हा न्यायालयाला परत द्यायला हवा.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बदल करायला तर कायद्याचीही वाट पाहायला नको. कॅमेरा तिथे आहेच. वृद्ध माणूस आपली सगळी किंवा बहुतेक जमीन एकाच वारसाला देत असेल, तर लिहून घेणाऱ्याला बाहेर बसवा आणि पाच प्रश्न विचारा. लेकरं किती, त्यांची नावं काय, जमीन कुठं आणि किती, कुणाला देताय, स्वतःला काय ठेवलंय. ते चित्रित करून दस्तासोबत ठेवा. डॉक्टर नाही, यंत्र नाही, दहा मिनिटं लागतील. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहिमेत मयत खातेदारांच्या वारसांची नोंद करायला महसूल यंत्रणा गावोगाव फिरली, चावडीवर याद्या वाचल्या गेल्या. मेलेल्यांसाठी हे करता आलं, तर जिवंत असून ज्यांना आपलं शेत कोणतं ते आठवत नाही त्यांच्यासाठी चावडीवरची फेरफार नोटीस मोठ्याने वाचणं अशक्य नाही.

राहिले पुण्या-मुंबईचे भाऊ आणि सासरी गेलेल्या बहिणी. माझं म्हणणं वाचून त्यांना बळ आलं असेल तर त्यांनाही सांगायचंय. दस्त रद्द करायला धावणारे तुम्ही, गेल्या वर्षी डायपरला किती पैसे पाठवलेत? न्यायालयाने पालक नेमला की शेताचं उत्पन्न, पवनचक्कीचं भाडं, संपादनाचा मोबदला आजारी माणसावर खर्च करण्याची आणि हिशोब देण्याची रीतसर वाट मिळते. त्यातून राबणाऱ्या सुनेला दरमहा ठरावीक रक्कम, तिच्या स्वतःच्या खात्यात, देता येते. आठवड्यातून एक दिवस तिला सुट्टी मिळेल असा माणूस ठेवता येतो. हे सगळे वारस एकत्र बसून कागदावर मांडू शकतात, आणि मांडलं तर गावातल्या भावाच्या कडवटपणाला उत्तर मिळतं. म्हणून वादमित्र होऊन दावा लावाल, तेव्हा मनाई हुकुमाच्या मागणीखालीच लिहा की वडिलांच्या देखभालीसाठी वहिनीला दरमहा किती मिळावेत, आणि त्यातले तुम्ही प्रत्येकजण किती भरणार आहात.